'गो अहेड' म्हणजे मंजुरी नव्हे

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. तेव्हापासून आपल्या महाविद्यालयांतून इंग्रजीचे अध्यापन अखंड चालू आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरही या भाषेचा एक प्रांत आपल्या पुरता परिचयाचा झालेला नाही. तो प्रांत होकाराचा. नकार कोणत्याही भाषेत ओळखता येतो. तो शब्दांतून नाही तर चेहऱ्यावरून कळतो. होकाराचे तसे नाही. समोरच्याने होकार दिला एवढे कळते. पण त्याने आपल्याला परवानगी दिली, उत्तेजन दिले, की केवळ 'माझी आडकाठी नाही' एवढेच सांगितले, हे कळत नाही. पुष्कळदा ते कळून घेण्याची गरजही आपल्याला वाटत नाही.

'यू मे', 'गो अहेड', 'बाय ऑल मीन्स', 'फील फ्री', 'बी माय गेस्ट', 'गो फॉर इट', 'कीप इट अप', 'सूट युअरसेल्फ' हे शब्दप्रयोग आज शहरी तरुणांच्या तोंडी सर्रास ऐकू येतात. त्यांचे अर्थ विचारले, तर बहुतेकांना 'खुशाल कर', 'अवश्य कर' किंवा 'हरकत नाही' या तीन उत्तरांपलीकडे जाता येत नाही. हा प्रश्न केवळ भाषाशिक्षकांचा असता, तर अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. परंतु नोकरी, कर्ज, करार आणि सरकारी धोरण या सर्व ठिकाणी या होकारांवर विसंबून माणसे निर्णय घेतात, पैसा गुंतवितात आणि प्रसंगी तो गमावतात. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलात विचार करणे आवश्यक आहे.

दोन वेगळ्या क्रिया

परवानगी आणि प्रोत्साहन या मुळातच दोन भिन्न क्रिया आहेत. परवानगी अडथळा दूर करते. प्रोत्साहन इच्छा वाढविते. परवानगी देणाऱ्याला अधिकार लागतो. प्रोत्साहन देणाऱ्याला केवळ सद्भाव पुरतो. कचेरीतील शिपाई कारकुनाला रजा देऊ शकत नाही, पण 'परीक्षेला बसा, साहेब, तुम्ही नक्की पास व्हाल' असे म्हणून तो त्याला हुरूप देऊ शकतो. उलट, वरिष्ठ अधिकारी रजेच्या अर्जावर सही करतो, तेव्हा ती परीक्षा द्यावी असे त्याला वाटते, असा निष्कर्ष मुळीच निघत नाही.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले, की काही वाक्ये एखादी गोष्ट सांगत नाहीत, तर ती करतात. 'मी परवानगी देतो' हे वाक्य परवानगीचे वर्णन नव्हे. ते उच्चारणे हीच परवानगी. मात्र ते उच्चारणाऱ्यापाशी तो अधिकार असावा लागतो. अधिकार नसलेल्या माणसाने तेच वाक्य उच्चारले, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहते, पण घडत काहीच नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद वेगळ्या नावांनी ठाऊक असतो. कोणते पर्याय खुले आहेत, हा एक प्रश्न. त्यांपैकी कोणता निवडावासा वाटतो, हा दुसरा. परवानगीने पर्यायांची संख्या वाढते, प्रोत्साहनाने निवड बदलते. मुक्त अर्थव्यवस्थेचे जे आद्य सूत्र, 'लेसे फेर', त्याचाही शब्दशः अर्थ 'करू द्या' एवढाच आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच अर्थचिंतक गूर्ने यांच्या नावाशी जोडले गेलेले हे सूत्र राज्यकर्त्यांना 'आडवे येऊ नका' असे सांगते; व्यापाऱ्यांना 'उद्योग काढा' असे ते सांगत नाही. उद्योग काढण्याची ऊर्मी येते कोठून, हा प्रश्न उरतोच. केन्स यांनी १९३६ सालच्या आपल्या ग्रंथात उद्योजकाच्या उत्स्फूर्त उत्साहाला जे महत्त्व दिले, ते याच कारणाने. बँकेने व्याजदर उतरविला म्हणजे कर्ज घेण्याची वाट सुकर होते. पण कारखानदाराला मालाच्या खपाची खात्री नसेल, तर तो त्या वाटेला फिरकत नाही.

शब्दप्रयोगांची प्रतवारी

आता वर दिलेल्या शब्दप्रयोगांकडे वळू. 'यू मे' हा निखळ परवानगीचा प्रयोग. तो अधिकाराच्या पायरीवरून खाली बोलला जातो. म्हणून नियमावलीत, परीक्षेच्या सूचनांत आणि न्यायालयात तो शोभतो, मित्राशी बोलताना मात्र ताठर वाटतो. 'यू मे गो नाऊ' ही तर परवानगीच्या वेषातील आज्ञाच होय. मुलाखतीच्या शेवटी हे वाक्य ऐकल्यावर 'थोडे आणखी बसलो तरी चालेल' असा अर्थ काढणारा उमेदवार आपली जागा स्वतःच्या हाताने घालवितो.

'गो अहेड' याचा पाया निराळा आहे. बेत विचारणाऱ्याचा असतो. बोलणारा फक्त बाजूला होतो. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली, की त्यांपैकी एक 'गो अहेड' म्हणतो, त्याचा अर्थ 'आधी तुम्ही बोला' इतकाच. मात्र हाच प्रयोग अधिकारी व्यक्तीने एखाद्या योजनेविषयी केला, तर त्याला मंजुरीचे वजन येते. वर्तमानपत्रांत 'प्रकल्पाला गो अहेड मिळाला' असे छापून येते ते या अर्थाने. 'बोला' पासून 'बांधा' पर्यंतचा सगळा पल्ला या दोन शब्दांत सामावला आहे, आणि घोटाळ्याचे मूळही तेथेच आहे.

'बाय ऑल मीन्स' हा मनापासून दिलेला होकार. याचा 'सर्व मार्गांनी' असा शब्दशः अर्थ लावणारे विद्यार्थी पुष्कळ. 'बाय एनी मीन्स' म्हणजे 'कोणत्याही मार्गाने' आणि 'बाय नो मीन्स' म्हणजे 'मुळीच नाही'. एका शब्दाच्या फरकाने होकाराचा नकार होतो. शिवाय 'बाय ऑल मीन्स' याच्या पाठोपाठ 'बट' आले, तर खरा आशय त्या 'बट' नंतर असतो, हेही ध्यानात ठेवावे. 'फील फ्री' ही न मागता आधीच देऊन ठेवलेली मोकळीक. पत्राच्या अखेरीस 'काही शंका असल्यास फील फ्री' असे लिहिणारा गृहस्थ आपल्या पत्राची वाट पाहत बसलेला नसतो. दार लोटलेले आहे, कडी लावलेली नाही, एवढेच तो सांगतो.

'बी माय गेस्ट' यात पाहुणचाराचा प्रत्यक्ष संबंध उरलेला नाही. हॉटेल व्यवसायातील कॉनरॅड हिल्टन यांनी १९५७ साली आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिले, ते त्यांच्या धंद्याला साजेसेच होते. पण रोजच्या बोलण्यात हा प्रयोग 'घ्या की', 'वापरा की' अशा हलक्याफुलक्या परवानगीचा आहे. बोलण्याचा स्वर किंचित बदलला, तर तो उपरोधाकडे झुकतो. 'सूट युअरसेल्फ' यात तर नाराजी उघडच असते. 'तुझी मर्जी' हे आपल्याकडील त्याचे सख्खे भावंड. तो होकार समजून जो निश्चिंत होतो, त्याला संबंध बिघडल्याचे फार उशिरा कळते.

'गो फॉर इट' मात्र परवानगी नव्हेच. ते उत्तेजन आहे, आणि त्याला अवघड किंवा जोखमीचे काम लागते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसू पाहणाऱ्याला 'गो फॉर इट' म्हणावे. 'खिडकी उघडू का?' असे विचारणाऱ्याला तसे म्हटले, तर तो चमकून पाहील. हा बोलीतील प्रयोग आहे, म्हणून अर्जात किंवा अहवालात तो येऊ नये. 'कीप इट अप' याला तर काम आधीच सुरू झालेले असावे लागते. जे झाले त्याची वाखाणणी आणि पुढे चालू ठेवण्याची उमेद, असे त्याचे दोन भाग आहेत. अद्याप काही न केलेल्याला 'कीप इट अप' म्हणणे हास्यास्पद ठरते.

मराठीची तऱ्हा

हे भेद मराठी माणसाला अपरिचित आहेत असे नव्हे. आपल्या भाषेत ते निराळ्या जागी राहतात, एवढेच. इंग्रजी जे काम अख्ख्या शब्दप्रयोगाने करते, ते मराठी पुष्कळदा एका अव्ययाने उरकते. 'जा', 'जा ना', 'जा की', 'जा बरं', 'जाच' या पाचांत परवानगी, आर्जव, उत्तेजन, लटका राग आणि आग्रह अशा छटा सहज सापडतात. 'खुशाल जा' यात तर संमती आणि धमकी दोन्ही नांदतात; कोणती खरी, हे बोलणाऱ्याच्या भुवया सांगतात. पाहुणा 'येऊ का?' म्हणून निरोप मागतो आणि यजमान 'या' म्हणून तो देतो. या छोट्या संवादात अनुज्ञेचा सारा शिष्टाचार सामावलेला आहे.

प्रोत्साहनाच्या बाबतीत तर मराठी विशेष सावध आहे. पाठीवर हात ठेवणे, हुरूप देणे, उत्तेजन देणे हे चांगले. पण भरीस घालणे, फूस लावणे, चिथावणी देणे आणि हरभऱ्याच्या झाडावर चढविणे यांसाठीही तिने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत. उत्तेजन देणाऱ्याचे काही जात नाही, पडतो तो झाडावर चढलेला, हा व्यवहार आपल्या पूर्वजांनी नेमका ओळखला होता. परवानगीसाठीही मुभा, मोकळीक, अनुमती, संमती, मंजुरी, परवाना, अनुज्ञप्ती आणि ना हरकत असे शब्द आपल्यापाशी आहेत. एवढी सामग्री हाताशी असताना सर्व इंग्रजी होकारांना 'हरकत नाही' ही एकच चिठ्ठी डकविणे हा आळस आहे.

अर्थव्यवहारातील किंमत

या आळसाची किंमत किती पडते, याचे एक उदाहरण सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने छोटा यंत्रभागांचा कारखाना काढण्याचे ठरविले. घरात उद्योगाची परंपरा नाही, वडील शेतकरी. कर्जाचा प्रस्ताव घेऊन तो एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना भेटला. त्यांनी कागद चाळले आणि 'गो अहेड, सबमिट इट' असे म्हटले. यातील पहिले दोन शब्द त्याने मनात साठविले, पुढचे दोन त्याला औपचारिक वाटले. प्रस्ताव दाखल केला त्याच आठवड्यात त्याने खासगी सावकाराकडून रक्कम उचलून यंत्राची आगाऊ रक्कम भरली. दोन महिन्यांनी वरिष्ठ कार्यालयाने कर्ज नाकारले. आगाऊ रक्कम बुडाली, सावकाराचे व्याज मात्र उरले. अधिकाऱ्यांनी कोणतेही खोटे विधान केले नव्हते. त्यांनी प्रस्ताव देण्यास सांगितले होते, कर्ज दिले नव्हते. परंतु आपले बोलणे समोरच्याच्या कानी कसे पडते आहे, याची चौकशी करण्याची तसदीही त्यांनी घेतली नव्हती. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या, उद्योगी घराण्यातील मुलाला हा फरक घरी जेवताना कळतो. पहिल्या पिढीच्या उद्योजकाला तो कर्जाच्या भाषेत शिकावा लागतो. माझ्या मते ही विषमताच होय, आणि तिची नोंद कोणत्याही सर्वेक्षणात होत नाही.

कचेऱ्यांच्या इंग्रजीने हा गोंधळ वाढविला आहे. 'इन प्रिन्सिपल अप्रूव्हल', अर्थात तत्त्वतः मंजुरी, म्हणजे अटी पुऱ्या होईपर्यंत हातात काहीच नसणे. 'सँक्शन' या शब्दाचे तर दोन अर्थ परस्परांच्या विरुद्ध उभे आहेत. बँकेत 'सँक्शन' म्हणजे कर्जाची मंजुरी; आंतरराष्ट्रीय राजकारणात 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंधांची शिक्षा, जशी संयुक्त राष्ट्रसंघाने १९६६ साली ऱ्होडेशियावर लादली. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत बँकांना अमुक करण्याचा 'सल्ला' दिलेला असतो. तो सल्ला मानायचा की नाही, असा विचार कोणताही शहाणा बँकर करीत बसत नाही. आपण विद्यार्थ्यांना शिकवितो ते नैतिक दडपणाचे साधन ते हेच.

'ना हरकत' ही तर स्वतंत्र जात आहे. कॅथॉलिक पंथात धर्मविषयक पुस्तकाच्या छपाईपूर्वी दोन लॅटिन शेरे मिळवावे लागत. प्रथम परीक्षक 'निहिल ऑब्स्टाट', म्हणजे 'काही आड येत नाही', असे लिहीत असे; त्यानंतर बिशप 'इंप्रिमाटुर', म्हणजे 'छापले जावो', असा शेरा देत असे. हरकत नसणे आणि परवानगी असणे या दोन पायऱ्या त्या व्यवस्थेने काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या होत्या. 'हे पुस्तक वाचा' असे मात्र त्या दोघांपैकी कोणीही म्हणत नसे.

आपल्या औद्योगिक धोरणातही हाच भेद दिसतो. १९५१ सालच्या उद्योग (विकास व विनियमन) अधिनियमाने कारखान्यासाठी केंद्राची अनुज्ञप्ती आवश्यक ठरविली. राजगोपालाचारी यांनी ज्या व्यवस्थेला 'लायसन्स परमिट राज' म्हणून हिणविले ती हीच. जुलै १९९१ च्या धोरणाने अठरा उद्योगांचा अपवाद ठेवून बाकीच्यांसाठी ही अट रद्द केली. परंतु अनुज्ञप्ती असताना मागास जिल्ह्यांत कारखाने आपोआप गेले नाहीत, आणि ती रद्द झाल्यावरही गेले नाहीत. कारण अडथळा नसणे हे निमंत्रण नसते. महाराष्ट्र शासनाला हे आधीच उमगले होते. म्हणूनच १९६४ साली मागास भागांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू करावी लागली, आणि तिच्या नावात 'प्रोत्साहन' हा शब्द योग्यच आला. मराठवाड्यातील उद्योजकाला दिल्लीची परवानगी हवी होती आणि मुंबईचे प्रोत्साहनही. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नव्हती.

शब्दाचे मोल

होकाराच्या शब्दावर प्राण आणि राष्ट्रांची बंधने कशी अवलंबून असतात, याची दोन उदाहरणे जगाच्या इतिहासात नमूद आहेत. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुके होते. डच विमानाला नियंत्रकाने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला; त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. वैमानिकाने त्याला उड्डाणाचीच परवानगी मानले. सहवैमानिकाच्या संदिग्ध इंग्रजी वाक्याला नियंत्रकाने 'ओके' म्हणून उत्तर दिले. 'थांबा, मी बोलावीन' हा त्याचा पुढचा भाग दुसऱ्या संदेशाच्या आवाजात बुडून गेला. धावपट्टीवर अमेरिकन विमान होते. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. नियंत्रक स्पॅनिश, वैमानिक डच. दोघेही परक्या भाषेत बोलत होते. पुढे असा दंडक पडला, की 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा. अन्य वेळी 'डिपार्चर' म्हणावे.

दुसरे उदाहरण पॅरिसचे. १२ डिसेंबर २०१५ रोजी हवामान कराराचा अंतिम मसुदा हाती आला, तेव्हा श्रीमंत देशांच्या उत्सर्जन कपातीविषयीच्या कलमात 'शॅल' हा बंधनकारक शब्द आढळला. अमेरिकेने हरकत घेतली, आणि तांत्रिक दुरुस्ती म्हणून तेथे 'शुड' आले. त्याच कलमात विकसनशील देशांना पुढील टप्प्याकडे जाण्यास 'प्रोत्साहन' दिले आहे. एका परिच्छेदात कोणावर बंधन नको आणि कोणाला केवळ उत्तेजन पुरे, याची वाटाघाट शब्दाशब्दावर झाली. आपल्या देशाचे प्रतिनिधी अशा मेजांवर बसतात. तेथे 'हरकत नाही' एवढे भाषांतर पुरत नाही.

तीन प्रश्न

यावर उपाय काय? आणखी एक शब्दसूची पाठ करणे हा खचित नव्हे. विद्यार्थ्यांना मी प्रत्येक होकारापुढे तीन प्रश्न विचारण्यास सांगतो. बोलणाऱ्याला ही गोष्ट देण्याचा अधिकार आहे काय? बेत कोणाचा, माझा की त्याचा? आणि काम बिघडले, तर त्याचा भार कोणावर पडेल? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल, तर परवानगी मिळाली असण्याचा संभव आहे. ते 'नाही' असेल, तर जे मिळाले ते फार तर प्रोत्साहन. आणि भार सर्वस्वी आपल्यावर असेल, तर होकार कितीही गोड असो, तो लेखी मागून घ्यावा. 'आपण मंजुरी देत आहात, की प्रस्ताव पाठविण्यास सांगत आहात?' असे नम्रपणे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. किंबहुना ज्याला इंग्रजी चांगले येते, तोच असे विचारतो.

शिक्षणसंस्थांनीही आपला भाग उचलला पाहिजे. 'मे' आणि 'कॅन' यांतील शुद्धाशुद्धता शिकविण्यात आपण तास घालवितो. होकार कोण कोणाला, कोणत्या नात्याने देतो, हे शिकविण्याला अभ्यासक्रमात जागा नाही. ज्यांच्या हाती निर्णय आहे, त्यांची जबाबदारी तर याहून मोठी आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. बँकेच्या खिडकीशी, तालुक्याच्या कचेरीत आणि उद्योग केंद्रात समोरचा माणूस मराठी असेल, तर 'मंजूर', 'नामंजूर' आणि 'विचाराधीन' हे तीन स्वच्छ शब्द वापरण्यास कोणतीच अडचण नाही. आपल्या एका सैल होकारावर कोणी घर गहाण ठेवणार आहे काय, एवढा विचार मेजाच्या पलीकडे बसलेल्याने केला, तरी पुष्कळ नुकसान टळेल.